शनिवारी चारच्या आत

विमानतळावरून टॅक्सी केलीत
तर ड्रायव्हर आधी रंगीत घरांच्या रांगेकडे नेईल.
नेऊ द्या. फोटो काढून घ्या.
गुलाबी, पिवळं, पिस्त्याच्या रंगाचं.
घरं खरंच देखणी आहेत, त्यात घरांचा काय दोष.

मी थॅडियस हॅसेलटन, नवरीचा बाप, धंद्याने गवंडी.
एकेचाळीस वर्षं चार्ल्स्टनला चुना लावतोय,
भिंतींना, माणसांना नव्हे.
डेल्फीन म्हणाली, पप्पा, पाहुण्यांसाठी चार ओळी लिहा,
काय बघायचं, कुठे खायचं.

तर डुलूथहून येणाऱ्या लिंडक्विस्ट मंडळींनो,
आधी हॅट घ्या.
इथली हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला बसते
आणि ओहोटीला चिखलाचा वास येतो, अंड्यासारखा.
नाकाला रुमाल लावू नका, आमच्या म्हाताऱ्या बघतात.
दुसऱ्या दिवशी तो वास येईनासा होतो.
तिसऱ्या दिवशी आठवायला लागतो.

चर्चमागच्या गल्लीत डाव्या हाताला कुंपणाची भिंत आहे.
फाटकापासून अकरावी वीट, खालून सहावा थर.
बोटं फिरवून बघा.
तीन खळगे लागतील, लहान.
साच्यातून ओली वीट काढताना
मालकाच्या भट्टीवरच्या कुणा पोराची बोटं रुतली
आणि वीट तशीच भाजली गेली.
तुमचं बोट मावणार नाही.
तुमच्या सात वर्षांच्या लेकीचं मावेल.
तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.
माझ्या बापाने मला काही सांगितलं नव्हतं,
नुसतं माझं बोट धरून त्यात ठेवलं होतं.

व्हरांड्यांची छतं निळी का, असं विचारलंत
तर भुतं त्याला पाणी समजतात म्हणून, असं ऐकाल.
कोणी म्हणेल, गांधीलमाश्या घर करत नाहीत.
माझी बहीण अर्नेस्टीन म्हणते, तो रंग स्वस्त होता.
तिच्याच व्हरांड्यात लांब लवचीक फळीचा बाक आहे.
दोघं दोन टोकांना बसली की फळी लवते
आणि दोघं हळूहळू मधे घसरतात.
तुमचा सोरेन मागच्या जूनमध्ये असाच घसरला.

उकडलेल्या शेंगा पुलाजवळच्या टपरीवर घ्या,
हॉटेलात नको.

आता त्या हवेलीबद्दल.
दारावर आमचंच आडनाव दिसेल, पितळी अक्षरांत.
तिकिटाच्या खिडकीवर विचारू नका, नवरीचे नातलग का म्हणून.
आडनाव त्यांचं होतं.
आमचं नाव त्यांच्या एका वहीत आहे,
सोळा खुर्च्यांच्या खाली, दोन खेचरांच्या वर,
नुसतं ‘बेक, विटांच्या कामाची’.
गाइड तुम्हाला गोल जिना दाखवील.
जिना चांगलाच आहे, मी खोटं बोलणार नाही.
पण मागे स्वयंपाकघराच्या माडीवर जा.
तिथला गिलावा माझा.
एक कोपरा मी सोडलाय, जुना,
त्यावर कोणीतरी कोळशाने दिवस मोजलेत.
किती ते मोजत बसू नका, गर्मी फार होते तिथे.

लग्न तिथेच आहे, बागेत, शनिवारी चारला.
हो, मीही तुमच्यासारखंच तोंड केलं होतं.
आठवडाभर पोरीशी बोललो नाही.
तीही बोलली नाही, माझ्यावरच गेली आहे.
मग एका सकाळी तिने चुन्याची बादली उचलून
माझ्या ट्रकमध्ये ठेवली
आणि विचारलं, त्या घराचं पुढचं दार
आतून उघडतं की बाहेरून?
अकरा वर्षं तिथे काम केलंय.
मला सांगता आलं नाही.

चारच्या आत या. बघू, कसं उघडतं ते.

आणि गाडी खालच्या रस्त्यावर लावू नका.
भरती सात वाजून दहा मिनिटांनी.
पाणी गटारातून वर येतं, ऊन असलं तरी,
आमंत्रण नसलं तरी.
बूट हातात घ्या नि चालत या,
जेवण साडेसातला आहे,
भात अर्नेस्टीनने केलाय, दुसऱ्यांदा वाढून घ्या,
नाहीतर ती लक्षात ठेवते.